वंशावळीतलं शून्य: खरं किती, कोरं किती?

जुनी_वही (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज निवांत बसून लिहितेय. मी शेळ्या पाळते. गेली १४ वर्षं कळपाची वंशावळ स्वतःच्या हाताने लिहीत आले आहे: कानातल्या बिल्ल्याचा नंबर, आई, बाप, व्यायल्याची तारीख, करडाचं जन्मवजन. गेल्या महिन्यात सगळ्या वह्या स्प्रेडशीटमध्ये चढवल्या आणि प्रत्येक जनावराचा अंतःप्रजनन गुणांक काढला, म्हणजे त्याचे आईबाप एकमेकांच्या किती जवळच्या नात्यातले होते ते सांगणारा आकडा. दरवेळी एवढं लांब नाव नको, यापुढे नुसतं ‘एफ’ म्हणते.

हयात जनावरं ६८. सरासरी एफ ३.१ टक्के. सख्ख्या चुलत भावंडांचा जोडा लागला तर पिल्लाचा एफ सव्वासहा टक्के येतो, त्याच्या निम्मी माझी सरासरी. बरं वाटलं. मग तोच रकाना चढत्या क्रमाने लावला. ४१ जनावरांपुढे शून्य. १० जणांपुढे ३.१, नऊ जणांपुढे ६.२५, सहा जणांपुढे १२.५, आणि दोन पाटींपुढे (तरुण शेळ्यांपुढे) २५. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, काढलं तर ५.४. म्हणजे सरासरीपेक्षा पसाराच मोठा!

त्या २५ टक्केवाल्या पाटी माझ्याच चुकीमुळे झाल्या. एका वर्षी वाढीला लागलेले बोकड वेगळे करायला उशीर झाला आणि सख्ख्या बहिणीला भाऊच लागला. बाकीची करडं अडीच किलोच्या आसपास होती, ही दोघी पावणेदोनच्या. हातात घेतलं तेव्हाच काय ते कळलं होतं.

पण मला खरी टोचणी लागलीय ती शून्यांची. माझा ११७ नंबरचा बोकड बाहेरून आणलेला. त्याचे आईबाप मला माहीत नाहीत, म्हणून त्याच्यापुढे शून्य, आणि त्याच्या अकराही लेकरांपुढे शून्य. दुसरीकडे ८४ नंबरची शेळी, जिच्या चार पिढ्या मी स्वतः लिहिल्यात आणि एकही पूर्वज दोन्ही बाजूंना सापडत नाही, तिच्यापुढेही शून्यच. ही दोन्ही शून्यं एकाच रकान्यात, एकाच वजनाची म्हणून बसलीत. सरासरीत दोन्ही सारखीच मोजली गेली.

तर प्रश्न असा: कळपातल्या एफचा पसारा नीट मोजायचा कसा? आणि त्यातला जनावरांचा पसारा किती, माझ्या वहीतल्या कोऱ्या रकान्यांचा किती, हे वेगळं कसं करायचं?

---

चौकट

वहीताई, धागा फार महत्त्वाचा आहे. अंतःप्रजननावर बोलताना बहुतेक जण सरासरी सांगून मोकळे होतात.

आधी सरासरीचं. ४० जनावरांचे दोन कळप घ्या. पहिल्यात प्रत्येकाचा एफ बरोबर ५ टक्के. दुसऱ्यात ३२ जणांचा शून्य आणि आठ जणांचा २५. दोन्हीकडे सरासरी ५. पण पहिल्याचं प्रमाण विचलन शून्य आणि दुसऱ्याचं १०. पहिल्या कळपात वजन घटतंय का, पिल्लं दगावतात का, याचा एफशी संबंध तुम्हाला कधीच दिसणार नाही, कारण तुलना करायला वेगळा एफ असलेलं जनावरच नाही. दुसऱ्यात तो आठ जणांकडे नुसतं बघून दिसेल. अंतःप्रजननाचा परिणाम मोजायचा तर एफमध्ये फरक असावा लागतो. सरासरी कितीही मोठी असली तरी फरक नसेल तर ती मुकी.

आता शून्यांचं. एफ हा कधीच स्वयंभू आकडा नसतो. वंशावळ जिथे संपते तिथले पूर्वज एकमेकांचे कोणीही लागत नाहीत, असं गृहीत धरून तो काढलेला असतो. ८४ च्या बाबतीत हे गृहीतक चार पिढ्या मागे आहे, ११७ च्या बाबतीत ते त्याच्यापाशीच. तेव्हा प्रत्येक एफच्या शेजारी आणखी एक रकाना हवाच: वंशावळ किती खोल माहीत आहे.

याचं साधं माप म्हणजे पूर्ण पिढ्यांची तुल्य संख्या. माहीत असलेल्या प्रत्येक पूर्वजाला, तो जितक्या पिढ्या मागे तितक्या वेळा अर्धं करून आलेला अंश द्यायचा आणि सगळे अंश मिळवायचे. आईबाप दोघं माहीत: अर्धा अधिक अर्धा, १. चारही आजी-आजोबा माहीत: चार वेळा पाव, आणखी १. आठ पणजी-पणजोबांपैकी दोनच माहीत: दोन वेळा एक अष्टमांश, म्हणजे ०.२५. बेरीज २.२५. स्प्रेडशीटमध्ये तर याहून सोपं: आईची संख्या आणि बापाची संख्या यांची सरासरी काढायची आणि त्यात १ मिळवायचा. माहीत नसलेल्या पालकासाठी मात्र उणे १ धरायचा.

हे ६८ जणांसाठी काढा आणि मग शून्यं पुन्हा बघा.

---

शिंगरू

घोड्यांकडे बघितलं की चौकट यांचं म्हणणं उलट्या टोकाने पटतं. थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीची वंशावळीची नोंदवही, जनरल स्टड बुक, १७९१ पासूनची. आजचे सगळे थरोब्रेड बापाच्या ओळीने तीन घोड्यांपर्यंत जातात: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन. त्यातही बहुतांश एकट्या डार्लीपर्यंत. तिथे कोरे रकाने जवळपास नाहीतच, सगळ्यांची खोली सारखी. म्हणून दोन शिंगरांच्या एफमधला फरक हा खरोखर त्यांच्यातलाच फरक असतो. शेळ्यामेंढ्यांत ही चैन नसते.

---

नवखा_गवळी

माझा अगदी बाळबोध प्रश्न. एफ १२.५ टक्के म्हणजे कशाचे टक्के? रक्ताचे? आणि तो हातानं काढता येतो का, की सॉफ्टवेअरच लागतं?

---

वंशवेल

बाळबोध मुळीच नाही. हा प्रश्न न विचारता लोक वर्षानुवर्षं एफ वापरतात.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. त्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीची नक्कल असण्याची शक्यता म्हणजे एफ. ही शक्यतेची व्याख्या मालेको या फ्रेंच गणितज्ञाने १९४८ मध्ये नीट मांडली. गुणांक त्याआधीचा, १९२२ चा, स्यूअल राइट यांचा. ते तेव्हा अमेरिकेच्या कृषी खात्यात गिनीपिगवर काम करत होते.

हाताने नक्की काढता येतो. मी राइट यांनीच घेतलेलं उदाहरण सोडवून दाखवते, कारण त्यात वहीताईंच्या प्रश्नाचंही उत्तर दडलंय.

शॉर्टहॉर्न गायींच्या इतिहासात कॉमेट नावाचा वळू आहे, जन्म १८०४. १८१० मध्ये तो १,००० गिनींना विकला गेला. त्याची वंशावळ अशी: फेवरिट नावाचा वळू त्याच्या स्वतःच्या आईला, फीनिक्सला, लावला. त्यातून यंग फीनिक्स ही कालवड झाली. मग तिला पुन्हा तिचा बाप फेवरिटच लावला. त्यातून कॉमेट.

आता कुठल्याही पिल्लाचा एफ म्हणजे त्याच्या आईबापांमधला नात्याचा गुणांक. कॉमेटसाठी तो फेवरिट आणि यंग फीनिक्स यांच्यातला. यंग फीनिक्सची निम्मी जनुकं फेवरिटची, निम्मी फीनिक्सची. म्हणून दोन आकडे काढायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची: फेवरिटचं स्वतःशी नातं आणि फेवरिटचं आईशी नातं.

समजा आपल्या हातात आजी-आजोबांपर्यंतचाच कागद आहे. फेवरिटचे आईबाप नात्यातले आहेत हे आपल्याला माहीत नाही. मग फेवरिटचं स्वतःशी नातं ०.५, आईशी ०.२५. सरासरी ०.३७५. कॉमेटचा एफ साडेसदतीस टक्के.

आता कागद आणखी मागे न्या. फेवरिटचा बाप बोलिंगब्रोक आणि आई फीनिक्स ही दोघं एकाच वळूची, फोल्जंबची, लेकरं होती, शिवाय आईकडूनही त्यांचं नातं होतं. त्यामुळे फेवरिटचा स्वतःचा एफ ०.१९२ येतो. मग त्याचं स्वतःशी नातं १.१९२ च्या निम्मं, ०.५९६. आईशी नातं ०.१९२ आणि ०.५ यांची सरासरी, ०.३४६. या दोहोंची सरासरी ०.४७१.

वळू तोच, नोंदवही तीच. कागद दोन-तीन पिढ्या मागे नेला तर साडेसदतीसचे सत्तेचाळीस झाले. सगळेच जोडे असे गुंतागुंतीचे असतील तर बोटांवर मोजू नका. सगळी जनावरं जुन्यापासून नव्यापर्यंत एका तक्त्यात आडवी-उभी मांडायची. प्रत्येक घरात त्या जनावराच्या आईबापांच्या घरांची सरासरी येते, कर्णावर १ अधिक आईबापांच्या घरातल्या आकड्याचा निम्मा. या तक्त्यातले आकडे वरच्या नात्याच्या आकड्यांच्या दुप्पट असतात, आणि कर्णावरच्या आकड्यातून १ वजा केला की एफ. समजा ४३० जनावरं असली तर तक्त्यात १,८४,९०० घरं, पण सूत्र एकच, खाली ओढत न्यायचं.

---

नवखा_गवळी

वंशवेल, कागदावर स्वतः सोडवून बघितलं, ०.४७१ आला! धन्यवाद.

---

जुनी_वही

चौकट, तुम्ही सांगितलेला रकाना भरला. शून्यवाल्या ४१ पैकी २६ जणांची खोली दोन पिढ्यांहून कमी निघाली. खरीखुरी म्हणता येतील अशी शून्यं फक्त १५. बाकी २७ जनावरांची, ज्यांचा एफ शून्याहून जास्त आहे, सगळ्यांची खोली दोनच्या वर.

त्या २६ जणांना बाजूला ठेवून ४२ जनावरांवर हिशेब केला तर सरासरी ३.१ ची ५.१ झाली आणि प्रमाण विचलन ५.४ चं ६.१. कळपात काहीच बदललं नाही, तरी.

---

चौकट

अगदी हेच अपेक्षित होतं. जेवढं जास्त माहीत तेवढा एफ वाढतो, कमी कधीच होत नाही. म्हणून खोली वेगवेगळी असलेल्या जनावरांचे एफ एका रांगेत लावून ‘हा कमी, तो जास्त’ म्हणणं अन्यायाचं आहे. चांगली नोंद ठेवणाऱ्याचाच कळप वाईट दिसतो.

यावर दोन उपाय वापरात आहेत.

एक, माहीत नसलेल्या पालकाला नातं शून्य न धरता, त्याच काळात जन्मलेल्या, वंशावळ माहीत असलेल्या जनावरांचा सरासरी एफ धरून गणित करायचं. व्हॅनरेडन यांनी १९९२ मध्ये हे दुभत्या गायींसाठी मांडलं. वंशावळीत भोकं फार असतील तर हे बरं.

दुसरा मला जास्त आवडतो: एफऐवजी दर पिढीला एफ किती वाढला ते प्रत्येक जनावरासाठी काढायचं. एकातून एफ वजा करा, त्याचं (खोली वजा एक) एवढं मूळ काढा, आणि ते पुन्हा एकातून वजा करा. एफ ६.२५ टक्के आणि खोली ३ असेल तर वाढ दर पिढी ३.२ टक्के येते. एफ तोच ६.२५, पण खोली ६ असेल तर १.३ टक्के. एफच्या रकान्यात दोघं जुळे दिसतात. प्रत्यक्षात पहिल्याने ते अंतर तीन पिढ्यांत कापलंय, दुसऱ्याने सहा.

या वाढीचे आकडे सगळ्या कळपासाठी काढले की त्यांची सरासरी घ्या, दुप्पट करा आणि १ ला त्याने भागा. कळपाचा परिणामी आकार मिळतो, म्हणजे आनुवंशिकतेच्या नजरेतून कळप किती डोक्यांचा आहे ते. अन्न व कृषी संघटनेचा निकष किमान ५० चा आहे, म्हणजे दर पिढी वाढ १ टक्क्याच्या आत. या पद्धतीत वाढीचा पसारा आपसूक मिळतो, त्यामुळे परिणामी आकाराच्या अंदाजात किती चूक असू शकते हेही सांगता येतं. खोली दोनहून कमी असलेल्यांवर मात्र हे सूत्र चालवू नका, एका पिढीच्या जवळ ते बिथरतं.

---

चारपाय

मी कुत्र्यांच्या पैदाशीत आहे. माझा अनुभव थोडा वेगळ्या बाजूचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एका वेतातली चार पिल्लं. आईबाप सावत्र भावंडं, बाप एक, आया वेगळ्या. पाच पिढ्यांच्या वंशावळीवर प्रत्येकाचा एफ १२.५. चौघंही सख्खी भावंडं, तेव्हा वंशावळीवरून त्यांच्यात फरक निघणं शक्यच नाही. मग जनुकीय चाचणी केली, गुणसूत्रांवर सलग एकसारखे पट्टे किती लांबीचे आहेत ते मोजणारी. उत्तरं आली: २३, २६, २७ आणि ३३ टक्के.

पहिल्यांदा वाटलं चाचणीच चुकली. सांगितलेल्या आकड्याच्या दुप्पट! पण विचारपूस केल्यावर, वाचल्यावर कळलं की इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्यात.

चौघंही १२.५ च्या बरेच वर आहेत, ते जातीच्या जुन्या इतिहासामुळे. पाच पिढ्यांच्या मागे जे घडलं ते कागदावर नाही, पण पेशीत आहे. ते पट्ट्यांच्या लांबीवरूनही ओळखता येतं. जितका पूर्वज जुना तितक्या वेळा गुणसूत्रं कापली-जोडली जातात आणि पट्टा आखूड होतो. पाच पिढ्यांमागच्या समाईक पूर्वजाकडून आलेला पट्टा सरासरी डीएनएच्या एक कोटी अक्षरांच्या घरात असतो, पंचवीस पिढ्यांमागचा वीस लाखांच्या. माझ्या अहवालात आखूड पट्टे चौघांतही जवळपास सारखे होते.

आणि २३ ते ३३ हा आपसातला फरक? तो नशिबाचा. वंशावळीचा एफ ही सरासरी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात आईबाप आपलं निम्मं देतात ते मोठमोठ्या तुकड्यांनी, एकेका गुणसूत्रावर एखाददुसराच काप. तुकडे थोडे, त्यामुळे नाणेफेकीही थोड्या, आणि थोड्या नाणेफेकींत छापा-काटा क्वचितच निम्मे-निम्मे पडतात. माणसांच्या सख्ख्या भावंडांत प्रत्यक्ष समाईक जनुकं मोजली तेव्हा ५० टक्क्यांच्या अपेक्षेभोवती ती सुमारे ३७ ते ६२ टक्क्यांपर्यंत पसरलेली निघाली, २००६ मधलं काम आहे ते. कुत्र्यात गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात, शेळीत ३०, डुकरात १९. गुणसूत्रं कमी आणि आखूड असतील तितका हा पसारा मोठा.

३३ वाल्या मादीला मी पैदाशीत घेतली नाही. वंशावळीच्या भरवशावर राहिलो असतो तर तीच घेतली असती, दिसायला चौघांत उजवी होती.

---

रोखठोक

मग वंशावळीचा एवढा उपद्व्याप कशासाठी? रक्ताचा नमुना पाठवा, चाचणी करा, खरा आकडा घ्या. चौदा वर्षं वह्या कोण लिहीत बसणार?

---

वंशवेल

रोखठोक, हा मुद्दा मी बऱ्याच ठिकाणी ऐकते. एक तर कुठली चाचणी, यावर सगळं अवलंबून आहे.

समजा चाचणी २० जनुकीय खुणांची (डीएनएवरच्या ठरावीक जागांची) आहे आणि असंबंधित जनावरात सरासरी ६० टक्के खुणांवर दोन प्रती वेगवेगळ्या असतात. म्हणजे २० पैकी १२. आता एफ सव्वासहा टक्के असलेलं जनावर घ्या. त्याच्यात ११.२५ अपेक्षित. फरक किती? पाऊण खूण. आणि नुसत्या योगायोगाने हा आकडा दोन-सव्वादोन खुणांनी इकडेतिकडे होतो. पाऊण खुणेचा फरक दोन खुणांच्या गोंधळात शोधायचा! २००४ मध्ये न्यूझीलंडच्या कूपवर्थ मेंढ्यांवर नेमका हाच प्रश्न तपासला होता. ५९० मेंढ्या, वंशावळ माहीत, प्रत्येकीच्या १०१ खुणा. खुणांवरून एफचा अंदाज फारच ढोबळ येतो, आणि कळपात एफचा पसारा कमी असेल तर जवळपास येतच नाही, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे गाडी पुन्हा पसाऱ्यापाशीच येते.

हजारो खुणांची चाचणी केली तर हा गोंधळ बराच आटोक्यात येतो, चारपाय यांनी केली तशी. तिलाही तिची गृहीतकं आहेतच. किती लांबीच्या वरचा पट्टा मोजायचा हे कोणीतरी ठरवलेलं असतं. दुसऱ्या एका पद्धतीत कळपातली आजची सरासरीच आधार धरतात, आणि मग काही जनावरांचा एफ उणे येतो. शक्यता उणे कशी, म्हणून लोक गोंधळतात. तिथे उणे म्हणजे ‘कळपाच्या सरासरीहून कमी’ एवढंच.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, चाचणी जन्मलेल्या जनावराची होते. वंशावळ मात्र जोडा लावायच्या आधी सांगते की होणाऱ्या पिल्लाचा एफ किती असेल. वहीताईंची वही तिथे कामाला येते. मला तरी दोन्ही हवंय: जोडा ठरवायला वंशावळ, जन्मल्यावर भावंडांतून निवडायला चाचणी.

---

निवृत्त_पशुवैद्य

उशिरा आलो, क्षमस्व. चर्चा उत्तम चाललीय. दोन गोष्टी जोडतो.

राइट यांच्या गिनीपिगचा उल्लेख आला. तो प्रयोग १९०६ मध्ये सुरू झाला होता, पिढ्यानपिढ्या सख्ख्या भावंडांचे जोडे. अशा जोड्यांत एफ ठरलेल्या वाटेने चढतो: २५, ३७.५, ५०, ५९. सगळ्या घराण्यांचा एफ जवळपास सारखा, पण घराणी सारखी उतरली नाहीत. कुणाचं वजन घटलं, कुणाची पिल्लांची संख्या, काही घराणी तर चांगली तग धरून राहिली. एफ तुम्हाला सांगतो की किती दारं बंद झाली. कोणत्या दारामागे काय होतं, ते नाही सांगत.

दुसरं उदाहरण गायींचं. होल्स्टीन जातीत चीफ नावाचा वळू होता, पूर्ण नाव पॉनी फार्म अर्लिंडा चीफ, जन्म १९६२. दुधाच्या दृष्टीने असामान्य. त्याच्या १६,००० लेकी होत्या. त्याच्याकडे एका जनुकाची बिघडलेली प्रत होती. ती दोन्हीकडून आली की गर्भ पोटातच संपतो. हे कळायला २०११ नंतरचा काळ उजाडला. तोवर जगभर पाच लाखांहून जास्त गर्भ गेले असा अंदाज आहे. ज्या गायी वारंवार उलटत होत्या (भरवूनही पुन्हा माजावर येत होत्या) त्यांच्या पोटातल्या गर्भाचा वंशावळीवरचा एफ काही भयंकर नसायचा. चीफ दोन्ही बाजूंना चार-पाच पिढ्या मागे, एवढंच.

म्हणून मी पशुपालकांना सांगतो, एफच्या शेजारी तो एफ कोणत्या पूर्वजामुळे आला हेही लिहा. दोन जनावरांचा एफ ६.२५, पण एकाचा एका बोकडामुळे आणि दुसऱ्याचा दुसऱ्याच, तर ती दोन वेगळी जनावरं आहेत. शिवाय बाप खरा आहे ना, याची खात्री करा. दोन बोकड एकाच वाड्यात असताना नोंद नेहमी मोठ्या बोकडाच्या नावावर होते, असं मी कितीतरी वह्यांत पाहिलंय. तिथे सूत्र कितीही बरोबर असलं तरी काय उपयोग.

---

जुनी_वही

काका, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून मी वही पुन्हा काढली.

११७ ज्यांच्याकडून आणला त्यांना काल फोन केला. कधी विचारायचं सुचलंच नव्हतं, बोकड दिसायला दणकट होता, घेऊन आले. त्यांनी डायरी बघून सांगितलं: त्याची आई त्यांच्याकडेच जन्मलेली, आणि तिचा बाप म्हणजे कित्येक वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याकडूनच नेलेला बोकड. नंबर विचारला. २३.

२३ हा माझ्या कळपाचा जुना बोकड. त्याच्या दोन लेकी अजून विताहेत, नाती तर पुष्कळ. म्हणजे ‘बाहेरचं रक्त’ म्हणून मी जो आणला तो २३ चा नातू!

नवीन नोंद टाकून हिशेब फिरवला. ११७ च्या अकरा लेकरांपैकी चार २३ च्या लेकींना झालेली, त्यांचा एफ शून्याचा ६.२५ झाला. पाच नातींची, त्यांचा ३.१. दोनच जणांचं शून्य शाबूत राहिलं. सगळ्या ६८ जनावरांची सरासरी ३.१ वरून ३.७.

आकडा फार वाढला नाही, मान्य. पण मी पुढच्या हंगामात ११७ च्या पाटींना २३ च्या दुसऱ्या नातवाकडे देणार होते. कागदावर तो जोडा निर्धोक दिसत होता.

---

चौकट

ताई, हे वाचून खरंच बरं वाटलं. एका फोनने नऊ शून्यं पुसली. एक विनंती: जुने एफ खोडू नका. तारीख घालून शेजारी नवा रकाना करा. कुठल्या माहितीवर कुठला आकडा आला हे पुढे लागेल.

आणि ११७ च्या बापाचं काय?

---

जुनी_वही

त्याची नोंद त्यांच्याकडेही नाही. तेव्हा त्यांच्या वाड्यात तीन बोकड होते, तिघांचे नंबर घेतलेत. त्यांपैकी दोन अजून आहेत. ११७ चे आणि त्या दोघांचे केसांचे नमुने घेऊन पालकत्वाच्या चाचणीला पाठवतेय. उत्तर येईपर्यंत त्या घरात शून्य न लिहिता ‘माहीत नाही’ लिहिलंय, आणि ११७ च्या पाटींचे जोडे थांबवलेत.

---

नवखा_गवळी

वहीताई, निकाल आला की इथेच लिहा. मी आजपासून माझ्या गोठ्यातल्या कालवडींच्या आज्यांची नावं गोळा करायला घेतलीत. सातपैकी चार मिळाली.